पेशींची शेती आणि तिची अवजारे

गेल्या हंगामात आपल्या संघाच्या एका सभासदांनी संपादकांकडे एक पृच्छा पाठविली आहे. प्रयोगशाळेत तयार झालेली, 'टिश्यूची' म्हणून ओळखली जाणारी केळीची तीन हजार रोपे त्यांनी लाविली. विकणाऱ्याने रोपे सर्वस्वी निरोगी असल्याचे सांगितले होते. तरीही तिसरा महिना लागतो न लागतो तोच बागेत हरण्या रोगाने डोके वर काढिले, व बरीच झाडे उपटून जाळावी लागली. 'काचेच्या बरणीत, जंतूचा वाराही न लागता वाढलेल्या रोपास रोग आला कोठून?' असा त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येईल. परंतु तेवढ्याने शंकेचे पुरते निरसन होणार नाही. अशी रोपे ज्या शास्त्राच्या बळावर तयार होतात ते कसे उभे राहिले, त्यास कोणती सामग्री लागते, ती कोण पुरवितो आणि तिच्यात कोणता दोष राहून जाऊ शकतो, हे एकदा समजले म्हणजे रोपे घेताना काय पाहावे व काय विचारावे हे शेतकऱ्यास आपोआप उमगेल. म्हणून प्रस्तुत लेखात हा विषय मुळापासून मांडण्याचे योजिले आहे.

पेशी आणि तिचे स्वतंत्र जीवन

वनस्पती असो वा प्राणी, प्रत्येकाचे शरीर पेशी नामक अतिसूक्ष्म घटकांचे बनलेले असते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले, तेव्हापासून या शास्त्राचा आरंभ धरितात. पुढे १८३८ साली श्लायडेन याने वनस्पतींविषयी व १८३९ साली श्वान याने प्राण्यांविषयी हाच सिद्धांत प्रतिपादिला. पेशी जर जीवनाचा मूळ घटक असेल, तर तीस शरीराबाहेर काढून, अन्नपाणी देऊन वाढविता येईल काय, असा प्रश्न यातून साहजिकच उत्पन्न झाला.

गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पानांतील सुट्या पेशी काढून त्याने त्या क्षार व साखर यांच्या द्रावणात ठेविल्या. त्या काही काळ जगल्या, आकाराने वाढल्याही; परंतु एकीचेही विभाजन झाले नाही. तथापि एका पेशीपासून आज ना उद्या संपूर्ण रोप तयार करिता येईल, असा विश्वास त्याने त्याच लेखात व्यक्त केला. प्राण्यांच्या बाबतीत पहिले यश अमेरिकेत रॉस हॅरिसन यास १९०७ साली आले. बेडकाच्या गर्भातील मज्जेचा अंश त्याने लसिकेच्या थेंबात ठेविला, आणि त्यातून मज्जातंतू फुटून वाढत असलेले प्रत्यक्ष पाहिले.

हाबरलांटचे चुकले कोठे? त्याने निवडलेल्या पेशी जून होत्या; आणि खत कोणते द्यावे हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. यानंतरच्या साठ वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या शेतीची जमीन, खत, निंदणी व बियाणे यांच्या शोधाचाच इतिहास होय.

जमीन

या शेतीची जमीन म्हणजे आगर. समुद्रातील तांबड्या शेवाळापासून निघणारा हा पदार्थ आपल्या घरांतून 'चायना ग्रास' या नावाने परिचित आहे. तो प्रयोगशाळेत आला तोही स्वयंपाकघरातूनच. जर्मनीत रॉबर्ट कॉक याच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस्से हा जंतूंवर काम करीत असे. त्या वेळी जंतू वाढविण्यास जिलेटिन वापरीत. परंतु उन्हाळ्यात ते पातळ होई, आणि काही जंतू तर तेच खाऊन त्याचे पाणी करीत. १८८१ साली हेस्सेची पत्नी फॅनी हिने सुचविले की, आपण मुरंबे थिजविण्यास जे आगर वापरतो तेच येथे वापरून पाहावे. जावा बेटात राहून आलेल्या परिचितांकडून तिला हा पदार्थ माहीत झाला होता. आगर उकळत्या पाण्यात विरघळते, सुमारे ३५ ते ४० अंशांवर थिजते, आणि एकदा थिजले म्हणजे सुमारे ८५ अंशांपर्यंत पुन्हा पातळ होत नाही. शिवाय फारच थोडे जंतू ते पचवू शकतात. असा गुण असलेला दुसरा स्वस्त पदार्थ सहसा सापडत नाही. कॉकच्या १८८२ च्या क्षयजंतूंवरील लेखात आगराचा उल्लेख आला. फॅनीचे नाव मात्र आले नाही.

आगराचा व्यापार पुष्कळ वर्षे जपानच्या हाती होता. १९४१ नंतर युद्धामुळे तो पुरवठा तुटला, तेव्हा अनेक देशांनी आपापले किनारे धुंडाळिले. आपल्या देशात मन्नारच्या आखाताच्या तामिळ किनाऱ्यावर आगर देणारी शेवाळे मिळतात. एक साधा पदार्थ अडला की सारे संशोधन कसे अडते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खत

खताचा शोध अधिक दीर्घ व अधिक मनोरंजक आहे. १९३४ साली फिलिप व्हाइट याने टोमॅटोची तुटकी मुळे द्रावणात सतत वाढती ठेविली. १९४१ साली व्हान ओव्हरबेक व त्याचे सहकारी यांना धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ वाढविण्यास नारळातील पाण्याचा उपयोग झाला. नारळाचे पाणी हे नारळाच्या गर्भाचे दूधच असल्याने ते इतर गर्भांसही मानवावे, हे आपल्या कोकणातील बागाईतदारांस नवल वाटणार नाही. १९५५ साली स्कूग व मिलर यांच्या प्रयोगशाळेत कायनेटिन हे पेशीविभाजनास चालना देणारे द्रव्य सापडले. १९५७ साली त्यांनी दाखविले की, ऑक्झिन व कायनेटिन यांच्या प्रमाणावर सर्व अवलंबून आहे: ऑक्झिन अधिक असेल तर मुळे फुटतात, कायनेटिन अधिक असेल तर कोंब फुटतात, आणि दोहोंचे प्रमाण मधले असेल तर नुसताच पेशींचा गोळा वाढतो. हाबरलांटला न उघडलेले कुलूप या किल्लीने उघडिले.

शेवटचे पाऊल १९६२ साली पडले. विस्कॉन्सिन येथे मुराशिगे व स्कूग हे तंबाखूच्या पेशी वाढवीत होते. द्रावणात तंबाखूच्या पानांचा अर्क घातला की वाढ एकदम जोमाने होई. अर्कात काही अज्ञात संजीवनी असावी असे प्रथम वाटले; परंतु शोध घेता त्या गुणाचा मोठा भाग साध्या क्षारांचा, विशेषतः नत्र व पालाश यांचा, निघाला. म्हणजे पेशी इतकी वर्षे उपाशीच ठेविल्या गेल्या होत्या! तेव्हा त्यांनी क्षारांचे प्रमाण भरपूर वाढवून नवे मिश्रण ठरविले. जगातील बहुतेक वनस्पती-प्रयोगशाळांतून आजही तेच किंवा त्यावरून बेतलेले मिश्रण वापरतात. शेतकऱ्यास त्यातील जिनसा ओळखीच्याच वाटतील. एक लिटर पाण्यात अमोनियम नायट्रेट १६५० मिलिग्रॅम. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, १९०० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट ३७० मिलिग्रॅम. स्फुरदयुक्त पोटॅशियमचा क्षार १७० मिलिग्रॅम. झिंक सल्फेट ८.६ मिलिग्रॅम, बोरिक आम्ल ६.२ मिलिग्रॅम; आणि मोरचूद अवघे ०.०२५ मिलिग्रॅम. यांखेरीज चुना, लोह, काही जीवनसत्त्वे, आणि साखर ३० ग्रॅम. बरणीतील रोपटे स्वतःचे अन्न पुरते तयार करू शकत नाही, म्हणून साखर द्यावी लागते. द्रावणाचा सामू ५.७ ते ५.८ च्या दरम्यान राखितात.

निंदणी

जेथे साखर व ओल आहे तेथे बुरशी व जंतू येणारच. तेच या शेतीतील तण होय. ते उपटता येत नाही, येऊच न देणे हा एकच उपाय. म्हणून बरण्या व द्रावण वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवून निर्जंतुक करितात, आणि गाळलेल्या हवेच्या संथ झोतासमोर बसून सर्व काम करितात. प्राण्यांच्या पेशींसाठी पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झाल्यावर हे काम पुष्कळच सुकर झाले. परंतु येथे एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. ही सारी निंदणी पेशीच्या बाहेरील तणाची आहे. पेशीच्या आत जो दडला आहे त्यास वाफ, औषध वा गाळणी यांचा स्पर्श होत नाही. आपल्या सभासदांच्या प्रश्नाचे मर्म याच ठिकाणी आहे.

अवजारे पुरविणारे

पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा आपले द्रावण आपणच घोटीत असे, जसा प्रत्येक गाव आपला नांगर गावच्या सुताराकडूनच करून घेई. त्यात एका ठिकाणचा प्रयोग दुसरीकडे जुळत नसे. कारण दोघांची सामग्री एकसारखी नसे. यातूनच ही सामग्री तयार करून विकणाऱ्या कंपन्या उदयास आल्या. अमेरिकेतील डिफ्को ही कंपनी मूळ प्राण्यांच्या अवयवांपासून पाचक द्रव्ये काढीत असे. त्याच पाचकांनी मांस पचवून केलेले पेप्टोन हे जंतूंचे उत्तम अन्न ठरले, व ती जंतूंच्या खाद्याची मोठी पुरवठादार झाली. पेशींसाठी अशीच ख्याती गिब्को या कंपनीची झाली. न्यूयॉर्क राज्यातील ग्रँड आयलंड या गावी ती १९६२ साली निघाली, आणि त्या गावाच्या नावाची आद्याक्षरे तिच्या नावात राहिली. १९८३ साली ती दुसऱ्या कंपनीशी एक होऊन 'लाइफ टेक्नॉलॉजीज' झाली, २००० साली इन्व्हिट्रोजेनकडे गेली, व २०१४ पासून थर्मो फिशर या कंपनीत आहे; जुने नाव मात्र बाटल्यांवर अजून आहे. आपल्याकडे मुंबईची हायमीडिया ही कंपनी जंतूंची, प्राणिपेशींची व वनस्पतिऊतींची कोरडी मिश्रणे तयार करिते. पाण्यात विरघळवून, सामू पाहून, निर्जंतुक केली की झाले.

अशा कंपनीच्या यादीत काय असते? कोरडी मिश्रणे, आगर, संप्रेरके, निर्जंतुक भांडी व गाळण्या. एकमेकींस चिकटलेल्या पेशी सुट्या करणारे ट्रिप्सिन. आणि रोग ओळखण्याचे संच. यांपैकी शेवटची वस्तू शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. १९७७ साली क्लार्क व अॅडम्स यांनी वनस्पतींतील विषाणू ओळखण्यास एलायझा ही चाचणी लागू केली, तेव्हापासून पानाच्या लहानशा तुकड्यावरून, लक्षणे दिसण्यापूर्वीही, रोग आहे की नाही हे सांगता येऊ लागले. पुढे पीसीआर या पद्धतीने ही परीक्षा आणखी सूक्ष्म झाली.

बियाणे आणि भेसळ

प्राणिपेशींचे बियाणे म्हणजे पेशीवाण, अर्थात पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढत राहणारा पेशींचा वंश. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी, तिची अनुमती न घेताच, जगभर वाटल्या गेल्या. 'हेला' नावाचे हे वाण इतके जोमदार की, ज्या भांड्यात त्याचा एक थेंब चुकून पडे तेथील मूळ पेशी मागे पडून हेच माजे. १९६६ साली गार्टलर याने दाखविले की, निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेली अनेक वाणे वस्तुतः हेलाच होती. ज्वारीचे बी म्हणून पेरावे आणि शेतभर हराळी माजावी, तसाच हा प्रकार झाला. म्हणून आता पेशीवाण विश्वासू भांडारातूनच घेतात. आपल्या देशात हे काम पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र करिते. देशभरच्या संशोधकांस पेशीवाणे पुरविणे हा त्याच्या कार्याचा एक भाग आहे.

प्राणिपेशींच्या खतात एक वस्तू अशी आहे की जिचा उगम गोठ्यातच आहे. ती म्हणजे गाईच्या गर्भातील वासराच्या रक्ताचे सिरम. कत्तलखान्यातून मिळणाऱ्या या सिरमाशिवाय बहुतेक पेशी नीट वाढत नाहीत. परंतु गाईंच्या अतिसाराचा एक विषाणू गर्भातील वासरात दडून राहतो, व सिरमाच्या वाटे पेशींत, आणि क्वचित लशीतही, उतरतो. तो पेशीस मारीत नसल्याने नुसत्या डोळ्यांस कळत नाही. म्हणूनच चांगले विक्रेते सिरमाच्या प्रत्येक घाण्याची परीक्षा करून त्याचा क्रमांक बाटलीवर छापितात. हेलाची भेसळ काय किंवा सिरमातील हा विषाणू काय, दोहोंचा धडा एकच आहे: वरून स्वच्छ दिसणारी पेशी आतून स्वच्छ असेलच असे नाही.

आपल्या दारी आलेले पीक

या शेतीचे पीक आपल्या गोठ्यात केव्हाच आलेले आहे. बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पडल्याच्या आठवणी जुन्या मंडळींस असतील. वॉल्टर प्लोराइट याने केनियात मुगुगा येथे वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवून या रोगाची जी लस तयार केली, तीमुळे रोगाचा बीमोड शक्य झाला. भारतातील शेवटचा प्रादुर्भाव १९९५ साली झाला, आणि २०११ साली रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. लाळ्या-खुरकुताची लस पूर्वी कत्तलखान्यातील जनावरांच्या जिभांच्या त्वचेवर विषाणू वाढवून करीत. फ्रेंकेल याने १९४७ साली ती रीत घालून दिली. १९६२ पासून हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडपेशींत हा विषाणू वाढविता येऊ लागला, आणि आता मोठाल्या टाक्यांतून लस निघते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गाई-म्हशींस जी लस टोचितात ती अशा पेशींच्या पिकातूनच आलेली असते.

वनस्पतींच्या बाबतीत आपल्या देशाचे कार्य अभिमानास्पद आहे. १९६४ साली दिल्ली येथे शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशापासून गर्भ तयार करून दाखविले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० साली बांबूस बरणीतच फुले आणिली; एरवी त्यासाठी कित्येक दशके वाट पाहावी लागते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने उसात, व जळगावच्या जैन इरिगेशनने केळीच्या ग्रँड नैन वाणात, ही रीत शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत आणिली.

सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केळीचे रोप असे होते: चांगल्या झाडाचा मुनवा घेऊन त्याचे टोक कापितात, निर्जंतुक करितात व बरणीत लावितात. त्यास फुटलेले कोंब पुनःपुन्हा सुटे करून वाढवितात, मग मुळे आणवितात, आणि हरितगृहात व नंतर जाळीघरात रोपे कणखर करितात. यात मुनव्याच्या अंगावरील बुरशी, जंतू व सूत्रकृमी खचित नाहीसे होतात. परंतु मूळ झाडाच्या पेशींत विषाणू असेल तर तो प्रत्येक कोंबात उतरतो, आणि एका रोगी मुनव्याची शेकडो रोगी रोपे होतात. अगदी शेंड्याचा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान भाग घेतल्यास विषाणू टळू शकतो, हे मोरेल व मार्टिन यांनी १९५२ साली डेलियाच्या झाडांवर सिद्ध केले. तथापि त्यानेही खात्री होत नाही, परीक्षा करावीच लागते.

दुसरी गोष्ट अशी की, बरणीतून रोप निरोगी आले तरी त्यास रोगप्रतिकाराची कवचकुंडले मिळालेली नसतात. हरण्याचा विषाणू मावा किडीच्या तोंडातून काही क्षणांत झाडात शिरतो, आणि काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो व बांधावरचे तण यांवर तो वस्ती करून असतो. तेव्हा सभासदांच्या बागेत रोग दोन वाटांनी आला असू शकेल. पहिल्या दोन महिन्यांतच सर्व क्षेत्रात विखुरलेली झाडे एकदम रोगी झाली असतील, तर संशय रोपांवर घ्यावा. रोग एका कडेने, तणाच्या किंवा वेलवर्गीय पिकाच्या बाजूने सुरू होऊन पुढे सरकला असेल, तर मावा हे कारण समजावे. हे अनुमानच होय. निर्णय पानांच्या परीक्षेनेच होतो.

यावरून रोपे घेणाऱ्याने पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतीसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची योजना चालविली आहे. रोपे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची आहेत काय व त्या घाण्याचे विषाणूपरीक्षेचे प्रमाणपत्र आहे काय, हे विचारावे. केळीसाठी पर्णगुच्छ, हरण्या, स्ट्रीक व ब्रॅक्ट मोझॅक या चार विषाणूंची परीक्षा झालेली असावी.

२. एका मुनव्यापासून किती वेळा कोंब सुटे केले ते विचारावे. साधारणतः सात-आठ वेळांहून अधिक झाल्यास बेढब रोपांचे प्रमाण वाढते.

३. जाळीघरात पुरती कणखर झालेली, सुमारे एक फूट उंचीची, पाच-सहा निरोगी पानांची रोपेच घ्यावीत. जाळी फाटलेली असेल किंवा आत मावा दिसला तर तेथून परत फिरावे.

४. पावती, प्रमाणपत्र व घाण्याचा क्रमांक जपून ठेवावा. याशिवाय पुढे तक्रारीस आधार राहत नाही.

५. बागेत काकडीवर्गीय पिके, मिरची व टोमॅटो यांचे आंतरपीक घेऊ नये, बांध तणविरहित ठेवावा, आणि रोगी झाड दिसताच मुळासकट काढून जाळावे. एका झाडाची दया करणे म्हणजे बागेचा नाश करणे होय.

स्वस्त रोपात दोन-चार रुपये वाचतात, ते बहुधा न केलेल्या परीक्षेचेच असतात. जुने शेतकरी बी घेताना मूठ उघडून, दाणा चावून, वास घेऊन पाहत. पेशींच्या शेतीतील बी चावून पाहता येत नाही. म्हणून त्याच्या परीक्षेचा कागद मागणे हीच आजची बियाण्याची पारख होय. आपल्या सभासदांनी रोगी झाडांची पाने नजीकच्या कृषी विद्यापीठाकडे तपासणीस पाठवावीत, आणि जो निष्कर्ष येईल तो संघास कळवावा, म्हणजे इतर बंधूंसही त्याचा लाभ होईल.